दुसऱ्यांच्या नौका

मी ज्या जहाजावर उमेदीची वर्षं घालवली, ते जहाज प्रत्येक फेरीत दोनदा मुद्दाम बुडवावं लागायचं. माल चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा. लालबागच्या आमच्या चाळीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मी परदेशात काहीतरी भलतंच करून आलोय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "काय रे, जहाज बुडयतंस नि वर पगार घेतंस?" मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, "ऱ्हवांदे. गिरणी बुडाली तेवा पगार तरी बंद झालो."

खरं तर समजावणं कठीणच होतं. जगात काही लोक इतके श्रीमंत आहेत की त्यांना जमिनीवरचे बंगले पुरत नाहीत, समुद्रावर राहायला यॉट लागते. पांढरीशुभ्र, दोन-तीन मजली नौका. उन्हाळ्यात ती इटलीच्या नाहीतर फ्रान्सच्या किनाऱ्याला हवी आणि थंडी पडली की अमेरिकेकडच्या ऊबदार बेटांना. मधला अटलांटिक महासागर मात्र मालकाला नको असतो. यॉट चालवत नेली तर इंजिन झिजतं, रंग उडतो, वादळात सापडली तर बघायलाच नको. त्यासाठी आमचं जहाज. त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं की ते हळूहळू खाली बसायचं आणि दोन उंच भिंतींमधला लांबलचक डेक पाण्याखाली जायचा. मागच्या बाजूनं यॉट एकामागून एक आत यायच्या आणि नेमून दिलेल्या जागी उभ्या राहायच्या. पाणबुडे उतरून त्यांच्या पोटाखाली टेकू लावायचे. मग टाक्यांतलं पाणी उपसलं की जहाज वर यायचं, आणि इतका वेळ डौलात तरंगणाऱ्या त्या नौका कोरड्या डेकवर टेकूंच्या आधारानं उभ्या दिसायच्या. पाण्याखालचा भाग उघडा पडला की कुठलीही यॉट केविलवाणी दिसते, मग ती कितीही महाग असो. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझं काम या यॉटच्या मधल्या अरुंद वाटांतून फिरण्याचं. टेकू सरकला का, बांधलेले पट्टे सैल झाले का, कुठे काही घासतंय का, हे सकाळ-संध्याकाळ बघायचं. हाताला काम सोपं होतं. चालत जायचं, डावीकडे एक नजर, उजवीकडे एक नजर, आणि सैल झालेला पट्टा डोळ्यांच्या आधी कानाला कळायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. मी मूळचा गिरणीतला माणूस, साळखात्यातला, म्हणजे विणकाम खात्यातला. चार साचे सांभाळायचो. साचा म्हणजे माग. दोन साच्यांमधल्या वाटेत मी जसा फिरायचो, तसाच इथे फिरलो. फरक एवढाच की तिथे शेजारच्या वाटेत माणूस असायचा.

साळखात्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. शेकडो साच्यांवर आडवं सूत नेणारे धोटे आपटत असले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही ओरडायचोच नाही. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. नवा माणूस महिन्याभरात शिकायचा. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, शिव्यासुद्धा आम्ही त्याच्या पाठीमागे अशाच घालायचो, न आवाज करता, एकमेकांकडे बघून.

माझी बायको वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती, दुसऱ्या गिरणीत. तिथेही यंत्रांचा तोच धिंगाणा, त्यामुळे तिलाही ही विद्या येत होती. लग्न ठरवताना कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. लग्नानंतर दोनेक दिवसांनी खोलीत माणसांची खेचाखेच झाली होती. दहा बाय बाराची खोली, त्यात आई, धाकटा भाऊ, गावाहून येऊन आमच्याकडे जेवणारे दोघे गिरणी कामगार, शिवाय लग्नाचे पाहुणे. ती चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी बसली होती. मी दारात. तिनं मान वर करून ओठ हलवले, "भूक लागलीय?" मी तसंच उत्तर दिलं, "लागलीय, पण आधी तू जेव." ती इतकी दचकली की हातातलं उलथणं पडलं. मग हसायला लागली. आईला वाटलं, सूनबाईला वारं लागलं.

आमचा सगळा संसार मग असाच झाला. सहा माणसांच्या खोलीत नवरा-बायकोला बोलायला कोपरा कुठला मिळणार? आम्हाला कोपरा लागलाच नाही. भांडणंसुद्धा आम्ही सगळ्यांच्या देखत केली आणि कुणाला कळलं नाही. आई कधी कधी वैतागायची, "तुमी दोघां मुकी झालात काय?" आम्ही एकमेकांकडे बघून गप्प बसायचो. मोठ्यानं फक्त मीठ, रॉकेल आणि पाण्याच्या वेळा बोलायचो, त्यातही ती मला अहो-जाहो करायची; ओठांनी मात्र अरे-तुरे. मायेचं जे काही होतं ते कधी आवाजात बोललोच नाही. तशी सवयच नव्हती.

मग संप आला. पहिले काही महिने सगळे ताठ होते, आम्हीही. नंतर जेवायला येणारे दोघे गावाला निघून गेले, भाऊ सुरतेला गेला. तिचं वाइंडिंग खातं पुन्हा उघडलंच नाही. माझ्या गिरणीनं काही लोकांना परत घेतलं, त्यांत मी नव्हतो. परळ-लालबागमध्ये त्या दिवसांत धडधाकट माणसं भर दुपारी नाक्यावर उभी दिसायची. मीही त्यांतलाच. ती मात्र बसून राहिली नाही. परळच्या एका मोठ्या इस्पितळात आयाचं काम तिनं मिळवलं. मी भाऊच्या धक्क्यावर बोटींतून माल उतरवायला जायला लागलो. तिथे वरळी कोळीवाड्यातला एक सारंग भेटला, खलाशांचा मुकादम. माझं अंगमेहनतीचं काम बघून म्हणाला, "हिकडं कशाला हाडं मोडतोस? बोटीवर जा." त्यानं कागदपत्रं करून दिली. धक्क्यावर येईपर्यंत समुद्र मी फक्त शिवाजी पार्कच्या चौपाटीवरून पाहिला होता, तोही रविवारचा. आधी मालवाहू बोटी केल्या, आणि काही वर्षांनी एजंटनं मला या यॉट वाहणाऱ्या जहाजावर पाठवलं.

एकटेपणा म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मालवाहू जहाजावर निदान पोती आणि लोखंड असतं. इथे माझ्या चारी बाजूंना घरं होती, आणि घरांत कुणी नव्हतं. वाटेतून जाताना काचेतून आतलं दिसायचं. सोफे, पलंग, फुलदाण्या, भिंतीवर कुणाकुणाचे फोटो. एका यॉटमध्ये जेवणाच्या टेबलावर बारा माणसांच्या बशा चिकटवून मांडलेल्या होत्या, लाटांनी पडू नयेत म्हणून. महिनाभर मी त्या टेबलाजवळून रोज जायचो. आमच्या खोलीत सहा माणसं जेवायला बसली की सातव्याला गॅलरीत उभं राहावं लागे, आणि इथे बारा जागा अटलांटिकच्या मधोमध जेवणाऱ्यांची वाट बघतायत. मला राग यायचा. कुणावर, ते मात्र नीट सांगता यायचं नाही. मालकाला मी कधी पाहिलंही नव्हतं.

जहाजावर फिलिपिन्सचे होते, युक्रेनचे होते, दोन गोव्याचे होते. मराठी कुणी नव्हतं. मी त्या वाटांतून फिरताना ओठ हलवत बायकोशी बोलायचो. आज अमुक झालं, कोबी संपला, कॅप्टन चिडला. ती समोर असल्यासारखं थांबायचोही, तिच्या उत्तरासाठी. स्वयंपाक करणाऱ्या फिलिपिनो माणसानं एकदा विचारलं, तू कोणत्या देवाची प्रार्थना करतोस. मी म्हटलं, घरच्या.

बंदर आलं की फोन. आमच्या चाळीत तळमजल्यावर एका निवृत्त शिक्षिकेकडे फोन होता. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. मी फोन करायचा, बाईंनी जिन्यात जाऊन हाक मारायची, मी ठेवायचा, आणि बायको खाली येईतो थोडं थांबून पुन्हा लावायचा. बाईंच्या खोलीत बाई, त्यांचे यजमान, चालू असलेला टीव्ही, आणि परदेशातून फोन आलाय म्हटल्यावर सहज डोकावलेली दोन-चार माणसं. त्यात ती उभी. "बरे आहात ना?" "आईंचा गुडघा दुखतोय." "आपली पोरगी पास झाली." एवढं झालं की गाडी अडायची. आम्हाला नुसत्या आवाजात बोलता येत नव्हतं. जन्मात कधी बोललो होतो?

पण एक प्रश्न मी प्रत्येक खेपेला विचारायचो. करार संपत आला की कॅप्टन बोलावून विचारायचा, सुट्टी संपल्यावर पुन्हा येणार का. होकार दिला की जागा पक्की, नाही म्हटलं की दुसरा माणूस तयारच. त्याला उत्तर देण्याआधी मी बंदरावरून घरी फोन लावायचो आणि तिला म्हणायचो, "आता नको वाटतंय गं. कायमचा येऊ का? मुंबईत काहीही करीन. वॉचमन होईन. तू फक्त सांग."

तिकडून काही नाही. टीव्हीवरच्या मालिकेचं संगीत, कुणाचं तरी खोकणं, तारेतली खरखर. मी थांबायचो. मग पुन्हा विचारायचो. पुन्हा तेच. शेवटी ती म्हणायची, "बरं, ठेवते. बाईंची जेवायची वेळ झाली." मी फोनच्या खोक्यातून बाहेर पडायचो आणि कॅप्टनला जाऊन सांगायचो, येतो. दुसरं काय सांगणार? घरच्या माणसाला नको असेल तर कुठे जायचं? माझ्यासाठी सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि दर वर्षी मला ते मिळालं नाही.

सुट्टीवर आलो की मी घुम्यासारखा बसून राहायचो. तीही लांब लांब राहायची. आई गेली तेव्हा मी समुद्रावर होतो, त्यानंतर तर घरात बायकोची आणि मुलीची अशी घडी बसली की मी कुठेही बसलो तरी मध्येच यायचो. मुलगी एकदा अगदी साधेपणानं म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी जाणार? मला अभ्यासाला ही खिडकी लागते." तिचं चुकलं नव्हतं. खिडकी एकच होती.

एकदा धीर करून मी पूर्वीसारखे ओठ हलवले. ती भाजी निवडत होती. मी विचारलं, "रागावलीयस का?" तिनं पाहिलं, वाचलंही, आणि मोठ्यानं म्हणाली, "मोठ्यानं बोला हो. दिवसभर तेच करून डोळे शिणतात." तिच्या वॉर्डात घशाची ऑपरेशनं झालेले पेशंट असायचे, गळ्यात नळी, तोंडातून आवाज नाही. ते काय म्हणतात ते हिला वाचता यायचं, म्हणून नर्स तिलाच हाक मारायच्या. कुणाला पाणी हवंय, कुणाला मुलाला बघायचंय, कुणाला घरी जायचंय. आमचं जे होतं ते ती आता अनोळखी माणसांना वाटत होती. इतकं वाईट मला गिरणीचा दरवाजा बंद झाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्याच सुट्टीत, निघायच्या आठवडाभर आधी, मी बाईंकडे बिस्किटांचा डबा घेऊन गेलो. त्यांच्या फोनचे उपकार होते. बाईंनी चहा दिला आणि जरा घुटमळत म्हणाल्या, "एक विचारू का? तुझी बायको जप कोणता करते रे?"

"जप?"

"फोन कानाला लावून उभी असते ना, तेव्हा. तू तिकडून बोलत असतोस बहुधा, आणि मग हिचे ओठ हलायला लागतात. आवाज नाही काही नाही. डोळ्यांत पाणी. आमचे हे म्हणतात, नामस्मरण असेल."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "काय म्हणते, बाई?"

"मला रे काय कळणार? लहानसा शब्द आहे. एकच. पुन्हा पुन्हा." आणि बाईंनी मला करून दाखवलं. ओठ थोडे फाकवले, हनुवटी किंचित पुढे, आणि तसंच दोनदा-तीनदा. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला तो पन्नास साचे चालू असते तरी वाचता आला असता. ये. ये. ये.

मी जिना चढून वर आलो. ती कपडे घडी करत होती, मुलगी क्लासला गेलेली. मी दारातच उभा राहून विचारलं, "फोनवर तू मला ये म्हणायचीस?"

तिनं घडी पूर्ण केली. "म्हणायचे."

"मग मोठ्यानं का नाही म्हणालीस? मी काय ज्योतिषी आहे?" माझा आवाज चढला होता. "इतकी वर्षं! एक अक्षर होतं!"

"ओरडू नका. चार माणसांत, बाईंच्या यजमानांसमोर नवऱ्याला म्हणू, ये म्हणून? माझ्याच्यानं तोंडातून आवाज फुटायचा नाही." ती घडीवर हात फिरवत राहिली. "मला काय कळत नव्हतं, तारेतून ओठ दिसत नाहीत ते? पण वाटायचं, मी गप्प झाले की तुम्हाला कळेल. मी गप्प असले म्हणजे काहीतरी म्हणतेय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तुम्ही आपले पुढच्या बोटीवर."

मी खाली बसलो. मग विचारायला नको होतं ते विचारलं. "आता म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं. "आता लाज नाही वाटत हो," ती म्हणाली. "इस्पितळात काय काय मोठ्यानं बोलावं लागतं. लाज गेली. पण आता तसं म्हणावंसंही वाटत नाही. एकटीची सवय झाली. तुमची खोटी समजूत कशाला घालू?" आणि तिनं पुढचा कपडा घेतला.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. बाईंनी जिन्यातून मला हाक मारली. खोलीत बाई होत्या, यजमान होते, शेजारची एक बाई डाळ मागायला आलेली, आणि टीव्हीही चालू होता. एजंट घाईत होता. "टिकट निकाल रहा है. शनिवार को जाने का, क्या?"

"मैं नहीं आएगा," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं, टीव्हीच्या वर आवाज काढून.

"अरे, क्या हुआ? दूसरा कंपनी मिला?"

"घर से बुलावा आया."

"कब आया?"

"बहुत साल हुआ," मी म्हटलं. "मेरे को आत्ता मिला."

तो काहीतरी बडबडला, मग त्यानं फोन ठेवला. यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. शेजारीण डाळीची वाटी तशीच धरून उभी होती. मी बाईंना नमस्कार करून वर आलो.

"कुणाचा फोन?" तिनं विचारलं.

"एजंटचा. नाही म्हणून सांगितलं."

मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ते मिटलेले होते. मग म्हणाली, "मी राहा म्हटलं नव्हतं हं."

"माहीत आहे."

"उद्यापासून माझी सकाळपाळी आहे. चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

सकाळी उठून मी दोन कप चहा केला. ती तोवर निघून गेली होती. दोन्ही कप मीच प्यालो. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याआधी उठलो.